गरिबांचा अर्थसंकल्प आणि श्रीमंतांचा कर

मार्च २०२४ मधली गोष्ट. फेब्रुवारीचा पगार खात्यात जमा झाला आणि नेहमीप्रमाणे धक्का बसला. नोकरदार शिक्षकाचा राहिलेला आयकर या एका पगारातून वळता होतो. हातात येते ती रक्कम पाहून घरखर्चाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पुढच्याच आठवड्यात रमजान सुरू झाला. म्हणजे आता दुसरा हिशेब. बायकोचे दागिने किती, बँकेत वर्षभर पडून राहिलेली शिल्लक किती, त्यावर जकात किती. मी वही घेऊन बसलो होतो. एका पानावर सरकारचा कर, दुसऱ्या पानावर जकात.

त्याच आठवड्यात वर्गात एक प्रश्न आला. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. नववीतला एक मुलगा, वडील केळीची हातगाडी लावतात. त्याने तास संपता संपता विचारले, "सर, अपन लोग टॅक्स नहीं भरते क्या?" मी विचारले, "का रे, कोण म्हणाले?" तर एसटीत जागेवरून भांडण झाले होते आणि एका माणसाने त्याच्या वडिलांना सुनावले होते की तुम्ही लोक कर भरत नाही, आमच्या करावर जगता. वडील काही बोलले नाहीत, गप्प बसले. मुलाला ते लागले होते.

मी फळ्यावर मोबाइलचे रिचार्ज लिहिले. २९९ रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. गणित मुलांनीच केले, सुमारे ४५ रुपये निघाले. मग मी म्हणालो, "हे ४५ रुपये तुझ्या अब्बांनी भरले. शहरातल्या सगळ्यात मोठ्या कारखानदाराने तेच रिचार्ज मारले तर तोही ४५च भरतो." मुलगा खूश झाला. पण लगेच त्याने दुसरा प्रश्न टाकला, "फिर बडे लोगों को ज्यादा भरना चाहिए ना, सर?"

घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर शोधताना मी जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

दोन करांची पद्धत

कर दोन रीतींनी घेतला जातो. एक, माणसाची ऐपत पाहून. दुसरा, माणूस काय विकत घेतो ते पाहून. पहिल्यात श्रीमंताकडून जास्त घेता येते. दुसऱ्यात ते जमत नाही, कारण श्रीमंत माणूस गरिबाच्या दहापट मीठ खात नाही.

मिठाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. आपल्या देशातल्या कराचा इतिहास हा बऱ्याच अंशी मिठाचा इतिहास आहे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात सरकारी करांची जी यादी येते, तीत लोकल फंडाबरोबर मीठही आहे. शेतकऱ्याच्या भाकरीवरचे मीठसुद्धा सरकारने सोडले नाही, ही त्यांची तक्रार होती.

याउलट श्रीमंतांच्या उत्पन्नावर कर बसवायला सरकारला किती त्रास झाला ते पाहा. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी होती. त्या वेळी जेम्स विल्सन हा गृहस्थ अर्थखाते सांभाळायला इंग्लंडहून कलकत्त्याला आला. 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा हाच. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने अर्थसंकल्प मांडला आणि भारतात पहिल्यांदा आयकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला २ टक्के, त्याहून जास्त मिळवणाऱ्याला ४ टक्के. लगेच ओरड सुरू झाली. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने या कराविरुद्धचा आपला अभिप्राय जाहीरच करून टाकला, त्यापायी त्याला परत बोलावण्यात आले. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. त्याचा आयकर १८६५ मध्ये बंद झाला. पुढे कधी परवाना कर, कधी दाखला कर, कधी पुन्हा आयकर, असे चालू-बंद होत शेवटी १८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला. मिठावरचा कर मात्र या सगळ्या काळात सुरूच राहिला. मीठ खाणाऱ्यांमध्ये कोणी गव्हर्नर नव्हता.

या दोन करांना एका तागडीत घालून तोलणारा पहिला मोठा आवाज आपल्या कोकणातला होता. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. तिजोरीत शिल्लक आहे म्हणून सरकार खूश होते. गोखल्यांचे म्हणणे असे की ही शिल्लक समृद्धीची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केल्याची खूण आहे. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता आणि वर्षाला ५०० रुपये मिळवणाऱ्या कारकुनालाही आयकर होता. मीठ स्वस्त करा आणि आयकराची मर्यादा १००० वर न्या, ही त्यांची मागणी. पुढच्याच वर्षी मिठाचा कर २ रुपयांवर आला आणि मर्यादा १००० झाली. १९०७ पर्यंत मिठाचा कर १ रुपयावर आला.

जास्त उत्पन्नाला चढत्या दराने कर लावायचा, ही गोष्ट आपल्याकडे पहिल्या महायुद्धात आली. १९१६ मध्ये दरांचे टप्पे झाले आणि १९१७ मध्ये मोठ्या उत्पन्नावर सुपर टॅक्स बसला. कारण न्यायाचे नव्हते, युद्धाच्या खर्चाचे होते.

मग १९३०. दांडीची यात्रा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. एक नाव मात्र आपल्या मुलांना सांगायला हवे. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाल्यावर धारासणाच्या मोहिमेची सूत्रे अब्बास तय्यबजी यांच्याकडे आली. बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, वय ७६. काही दिवसांत त्यांनाही पकडले. ज्याच्या घरात मिठाच्या भावाने काही फरक पडत नव्हता, असा माणूस मिठासाठी तुरुंगात गेला.

पुढच्या वर्षी काँग्रेसने कराचीला जो आर्थिक कार्यक्रम मंजूर केला त्यात तीन गोष्टी होत्या. मिठावर कर नको. मोठ्या शेती उत्पन्नावर चढता कर हवा. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर चढता कर हवा. हे तीन मुद्दे वाचकांनी लक्षात ठेवावेत.

२८ फेब्रुवारी १९४७

आता मूळ गोष्टीकडे येतो. ऑक्टोबर १९४६ मध्ये मुस्लिम लीग हंगामी सरकारात सामील झाली. काँग्रेसला एखादे मोठे खाते लीगला द्यावे लागणार होते. गृहखाते सोडायला सरदार पटेल तयार नव्हते. मौलाना आझादांनी 'इंडिया विन्स फ्रीडम' मध्ये लिहिले आहे की रफी अहमद किडवाई यांनी सुचवले, अर्थखाते देऊ. ते तांत्रिक खाते आहे, लीगला ते पेलणार नाही. लीगमध्येही आधी धाकधूक होती. पण अर्थखात्यातले अधिकारी चौधरी मुहम्मद अली यांनी समजावले की अर्थखाते हाती असणे म्हणजे प्रत्येक खात्यात हात असणे. लियाकत अली खान अर्थमंत्री झाले.

२८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी दिल्लीत जो अर्थसंकल्प मांडला, तो 'गरिबांचा अर्थसंकल्प' म्हणून ओळखला जातो. त्यात काय होते?

मिठावरचा कर रद्द. आयकराची मर्यादा २००० वरून २५०० रुपये. धंद्यातला नफा वर्षाला १ लाखाच्या वर गेला तर त्या वरच्या नफ्यावर २५ टक्के वेगळा कर. मालमत्ता किंवा शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर भारतात पहिल्यांदाच कर. आणि महायुद्धाच्या काळात काळाबाजार करून ज्यांनी कर बुडवला त्यांची चौकशी करायला आयोग.

भाषणात लियाकत अलींनी कुरआनाचा दाखला दिला. सूरह हश्रच्या सातव्या आयतीचा आशय त्यांनी मांडला, की संपत्ती श्रीमंतांच्या श्रीमंतांतच फिरत राहू नये. गोखल्यांनी जे आकड्यांनी मांडले होते, त्याच्याशी हे जुळणारेच होते.

शेअरबाजारात घबराट उडाली. उद्योगपती संतापले. युद्धात अफाट नफा कमावलेल्यांना चौकशी आयोग नको होता. पण "आम्हाला कर नको" असे उघड कोणी कधी म्हणत नाही. दुसरे कारण लागते, आणि ते तयारच होते. आझाद लिहितात, सरदार पटेल आणि राजाजी यांना वाटत होते की उद्योगपती बहुतेक हिंदू आहेत, काँग्रेसला मदत करणारे आहेत, म्हणून लियाकत अली त्यांना छळण्यासाठी हे करत आहेत. आझादांचे स्वतःचे मत असे की तत्त्वे काँग्रेसचीच होती, पण प्रस्ताव फार टोकाचे होते.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. कराच्या कायद्यात कोणाचा धर्म लिहिलेला नव्हता. लीगला साथ देणारी आदमजी, इस्फहानी, हबीब ही घराणी मोठी व्यापारीच होती. १ लाखाच्या वरचा नफा मेमणाचा असो की मारवाड्याचा, कर तोच. पण फाळणीच्या त्या वातावरणात करावरची चर्चा हिंदू-मुसलमान अशी होऊन गेली. आणि एकदा ती तशी झाली की श्रीमंत सुटला. शेवटी तडजोड होऊन २५ टक्क्यांचा दर १६ पूर्णांक २ तृतीयांश टक्क्यांवर आला. पुढे तो आणखी उतरला आणि काही वर्षांत तो करच गेला. भांडवली नफ्यावरचा कर १९४९ मध्ये उठवला, तो १९५६ मध्ये परत आणावा लागला. चौकशी आयोग स्वातंत्र्यानंतरही चालला, पण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचे महत्त्वाचे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवले. टिकली ती एकच मोठी गोष्ट, मीठ सुटले. ज्या करासाठी दांडीला, शिरोड्याला, धारासणाला लोकांनी मार खाल्ला, तो रद्द करणारा अर्थसंकल्प मांडला एका लीगच्या मंत्र्याने. हे आपल्याला कोणत्याच बाजूच्या इतिहासात ठळक लिहिलेले सापडत नाही, कारण कोणत्याच बाजूला ते सोयीचे नाही.

लियाकत अलींची दुसरी बाजू

पण मी लियाकत अलींचा गौरवग्रंथ लिहीत नाही. ते स्वतः कर्नालच्या नवाबी घराण्यातले. पंजाब आणि संयुक्त प्रांतात त्यांच्या घराण्याच्या जमिनी होत्या. त्यांच्या अर्थसंकल्पाने गिरणीमालकाला हात घातला, जमीनदाराला नाही. कायद्याने बोलायचे तर शेती उत्पन्नावरचा कर १९३५ च्या कायद्यापासून प्रांतांकडे होता, केंद्राला तो लावता येत नव्हता. पण पुढे पाकिस्तानात काय झाले? लीगच्या नेतृत्वात मोठे जमीनदार बसले होते. पूर्व बंगालने १९५० मध्ये जमीनदारी मोडणारा कायदा केला. पश्चिम पाकिस्तानात जमिनीच्या कमाल मर्यादेचा पहिला कायदा यायला १९५९ उजाडले, तोही लष्करी राजवटीत. संपत्ती श्रीमंतांतच फिरू नये ही आयत गिरणीला लागू झाली, जमिनीला झाली नाही.

म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची श्रीमंती करपात्र वाटते. हिंदू, मुसलमान, गिरणीमालक, जमीनदार, कोणी अपवाद नाही. आणि शिक्षकही नाही. माझ्यापुरते पुढे सांगतो.

आपल्याही इतिहासातला धडा

मुस्लिम वाचकांसमोर लिहिताना आपल्या इतिहासातली चांगली पाने वाचून दाखवणे सोपे असते. जकातीचे पान तसे आहे. तिची रचना मला आजही चकित करते. कर उत्पन्नावर नाही, साठवलेल्या संपत्तीवर आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही मर्यादा. त्याखाली असणाऱ्याला जकात नाही, उलट गरजू असेल तर तो घेणारा ठरतो. वर्षभर पडून राहिलेल्या धनावर अडीच टक्के. शेतीला दर वेगळा. पावसावर पिकलेल्या धान्यावर १० टक्के, पण विहिरीचे पाणी ओढून पिकवले असेल तर ५ टक्के. जमिनीत गाडलेला खजिना सापडला तर २० टक्के. विद्वान यातून एक तत्त्व काढतात. जिथे माणसाची मेहनत जास्त, तिथे दर कमी. जिथे आयते मिळाले, तिथे दर जास्त.

आता दुसरे पान. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लावला. अकबराने तो १५६४ मध्ये उठवला होता. जिझिया मुसलमानेतरांवर होता, हा अन्याय तर आहेच. धर्म पाहून कर लावणे मला कुठल्याच काळात पटणार नाही. पण त्याचे दर पाहा. २०० दिरहमपर्यंत मालमत्ता असलेल्याला वर्षाला १२ दिरहम. २०० ते १०,००० वाल्याला २४. त्याच्या वरच्याला ४८. नजर टाकली तर वाटते, श्रीमंताला चौपट लावला आहे. टक्केवारी काढा. २०० दिरहमवाला ६ टक्के देतो. १०,००० च्या वरचा अर्धा टक्कासुद्धा देत नाही. अगदी निराधारांना, स्त्रियांना आणि मुलांना सूट होती, पण राबून खाणाऱ्या कष्टकऱ्याची मान अडकत होती. त्याआधी १६६७ मध्ये याच बादशहाने मुसलमान व्यापाऱ्यांची मालावरची जकात माफ केली होती. म्हणजे पैठणच्या विणकराने जिझिया द्यायचा आणि सुरतेच्या बड्या मुसलमान व्यापाऱ्याला मालावर सूट.

जिझियाच्या विरोधात शिवाजी महाराजांचे म्हणून जे फारसी पत्र प्रसिद्ध आहे, त्यात दोन गोष्टी आहेत. एक, कुरआनातला ईश्वर सगळ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, एकट्या मुसलमानांचा नाही, याची बादशहाला आठवण. दुसरी, गोसावी, बैरागी, कंगाल अशा माणसांकडून पैसा काढणे बादशहाला शोभत नाही. न्यायाचा मुद्दा आणि ऐपतीचा मुद्दा, दोन्ही एकाच पत्रात. आपल्या मुलांना हे पत्र अभिमानाने शिकवावे असे माझे मत आहे.

९७.७५ टक्क्यांचे काय झाले?

स्वतंत्र भारताने कराचीचे मुद्दे अर्धे पाळले. वारशाच्या संपत्तीवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९५३ मध्ये आली. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्यानंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला. मग दर चढत गेले. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७१ पासून, वर्षाला २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार होता. एकूण ९७.७५ टक्के. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मालकाला.

श्रीमंतांकडून जास्त घ्यावे असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने या आकड्याकडे पाठ फिरवू नये. कारण या दराने श्रीमंत संपले नाहीत, त्यांचे हिशेब दोन झाले. एक पांढरा, एक काळा. वांछू समितीने १९७१ मध्ये हेच सांगितले की इतका दरच करचुकवेगिरीला पोसतो. १९७४ मध्ये दर ७७ टक्क्यांवर आला, १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो ५० वर आणला. त्याच वर्षी इस्टेट ड्युटीही गेली, कारण तिच्यातून जेमतेम २० कोटी मिळत होते. संपत्ती कराचे तेच. २०१३-१४ मध्ये त्यातून सुमारे १००८ कोटी आले, २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

कर वसूल होत नव्हता हे खरे. पण तो का वसूल होत नव्हता? कायद्यात पळवाटा होत्या, मालमत्तेच्या किमती कमी दाखवल्या जात होत्या, जमिनीच्या नोंदी धड नव्हत्या. भोके बुजवण्याऐवजी आपण बादलीच फेकून दिली. आज नोंदी संगणकावर आहेत, पॅन आहे, बँक खाती जोडलेली आहेत. आता वसुली सोपी झाली, तर कर उरला नाही.

आजचे चित्र जकातीच्या तत्त्वाशेजारी ठेवून पाहा. पगारदाराच्या वरच्या उत्पन्नाला ३० टक्के. शेअर वर्षभर नुसते ठेवून मग विकले, तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के. बापाकडून शंभर कोटी वारशाने आले तर शून्य टक्के. मेहनत जास्त तिथे दर जास्त, आयते मिळाले तिथे दर नाही. २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ वर आला. केळीच्या गाडीवाल्याच्या रिचार्जवरचे १८ टक्के मात्र तसेच राहिले. मिठावर आज जीएसटी नाही, तेवढे १९४७ चे पुण्य टिकले आहे.

आणि मार्चमध्ये तो मुलगा मला प्रश्न विचारत होता, त्यानंतर महिन्याभरात लोकसभेच्या प्रचारात संपत्तीच्या फेरवाटपाचा, वारसा कराचा विषय निघाला. काही दिवसांत त्याची चर्चा हिंदू-मुसलमान अशी झाली. कोणाची संपत्ती कोणाला देणार, यावर टीव्हीवर भांडणे सुरू झाली. मी आझादांचे पान पुन्हा उघडून वाचले. सत्याहत्तर वर्षांत आपण तिथेच होतो.

माझा हिशेब

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. हो, मोठ्या लोकांनी जास्त भरावे. पण दर असा हवा की जो वसूल होईल. सत्त्याण्णव टक्के कागदावर ठेवण्यापेक्षा मोठ्या वारशावर माफक कर खरोखर घेतलेला बरा. नुसत्या भांडवलावरच्या नफ्याला निदान पगाराइतका दर हवा. शेतकऱ्याच्या नावाखाली लपलेले मोठे उत्पन्न शेतकऱ्यापासून वेगळे काढायला हवे. आणि गोरगरिबाच्या रोजच्या वस्तूंवरचा कर जितका खाली आणता येईल तितका आणावा.

हे सगळे सरकारने करायचे. आपण काय करायचे? इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी मी फ्लॅट घेतला. बिल्डरने सांगितले, एवढे चेकने आणि एवढे रोख. सगळेच तसे करतात, मीही केले. कागदावर किंमत कमी, मुद्रांक शुल्क कमी. त्याच वर्षी मी जकात अगदी तोळ्या-माशाचा हिशेब करून दिली होती आणि मनाला फार समाधान वाटले होते.

आपल्या समाजात असे अनेक आहेत. जकात पै-पैची, इफ्तारच्या दावती मोठ्या, आणि दुकानाचे बिल मागितले तर "बिल के साथ रेट अलग होगा". कोणी म्हणते, सरकारी कर म्हणजे काही जकात नव्हे, तो चुकवला तर गुनाह नाही. मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना हे विचारले. ते म्हणाले, मास्टरसाब, जकात अल्लाहचा हक आहे आणि कर हा ज्यांच्याबरोबर आपण राहतो त्यांच्याशी केलेला करार आहे. मुसलमानाला करार मोडायची परवानगी कोणी दिली? मी रोख दिलेल्या रकमेचे त्यांना सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

त्या रमजानमध्ये वहीच्या दोन पानांमध्ये मी तिसरे पान घातले. त्यावर घराच्या व्यवहारात चुकवलेला आकडा लिहिला. तो सरकारला कसा परत करायचा, याचा मार्ग मला अजून नीट सापडलेला नाही, वकिलाशी बोलणे सुरू आहे. पण त्या दिवसापासून "आमच्या करावर जगता" हे वाक्य ऐकले की मला आधी माझीच आठवण येते, त्या हातगाडीवाल्याची नाही. त्याने आपले ४५ रुपये दर महिन्याला भरले आहेत. त्याला ते चुकवायची सोयच नव्हती.

मुलगा आता अकरावीत आहे. मध्यंतरी रस्त्यात भेटला, वडिलांच्या गाडीवर उभा होता. मी केळी घेतली. त्याचा प्रश्न मला आठवतो का, असे त्याने विचारले नाही. पण मी त्याला सांगितले की उत्तर लिहून काढतो आहे, झाले की वाचायला देईन. हा लेख आधी त्याच्यासाठी आहे.